तिघांतला तिसरा

"बसायला धड ओटा नाय, अन् भिंतीला ही मेली संगमरवरी फरशी!" माझ्या अंगाला पाठ टेकून कुसाबाई भाजीवाली पुटपुटली.

मित्रांनो, ती मेली फरशी म्हणजे मी. येवल्याजवळच्या एका लहानशा गावच्या चावडीत बसवलेली जुनी स्मृतिशिला. पहिलं महायुद्ध संपल्यावर नाशकात एका पाथरवटानं माझ्यावर कोरलं: 'या गावचे नऊ जण महायुद्धास गेले. पैकी तिघांनी प्राण दिले.' नावं कोरली नाहीत. खाली मात्र वीतभर जागा कोरी ठेवली. कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बसवलं त्या दिवशी हार, भाषण, पेढे. पुढं लोकांनी माझ्यावर पानाच्या चुन्याची बोटं पुसली. गोजराबाई तेवढी दर बाजाराच्या दिवशी पदरानं मला स्वच्छ करायची. तिचा नवरा लहानू त्या युद्धात दूर इराकात, बसऱ्याला गेला तो आलाच नव्हता. तिच्या कपाळी कुंकू मात्र रुपयाएवढं.

"भिका एक, वाळू दोन," ती मेलेले बोटांवर मोजायची. "तिसरा दुसरा कुणी असंल. आमचं माणूस असतं, तर नाव नसतं का लिहिलं?"

लोक मान डोलवायचे. लहानूबरोबर गेलेला अब्बास विणकर दोन बोटं गमावून परतला होता. तोही खाली बघत म्हणायचा, "येईल, वहिनी." वीस वर्षं सगळ्यांनी तिला असं जपलं. मी भीत राहिले. तिसरा कोण, हे मला ठाऊक होतं, आणि तिचा हात नेमका त्याच अक्षरांवरून फिरायचा.

मग परवा पुन्हा युद्ध लागलं. भरतीचं टेबल थेट माझ्याखालीच मांडलं. हवालदारानं टेबलावर पेन्सिल आपटली, तरी मला छिन्नी वाटली. माझी कोरी जागा गारठून गेली.

रांगेत पहिला सावळीराम, लहानूचा एकुलता एक.

"का रे, पगारासाठी?" हवालदारानं विचारलं.

"नाय जी. बा बसऱ्याला राहिलाय. त्याला आणाया जातो."

"घरची म्हैस सापडत नाय ह्याला, अन् बाप हुडकाया निघाला!" कुसाबाई म्हणाली. कुणी हसलं नाही. तिनंही पदर तोंडाला लावला.

गोजराबाईनं लेकाच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं, वर नवऱ्याचं जुनं पागोटं. "हे दाखव त्यांना. ओळख पटंल."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण माझी ती खालची जागा कोरीच राहू द्या. एवढंच मागते.

सावळीरामचा अंगठा शाईत बुडाला. तेवढ्यात कागदावर तीन बोटांचा एक हात पडला.

"नको लावू, सावळ्या."

"अब्बासभावजी, निघत्या पोराला आडवं येऊ नका," गोजराबाई म्हणाली.

अब्बासनं तिच्याकडं पाहिलं नाही. तो माझ्याजवळ आला, 'तिघांनी' या शब्दावर हात ठेवला.

"वहिनी, तिसरा लहानूच. तिथं चितेला लाकूड मिळंना, म्हणून ह्या हातांनी माती दिली. कोणत्या तोंडानं सांगू म्हणून गप बसलो. तो मेलाय, वहिनी."