साडेअकराची देवी

परमुलखातल्या गोडादरा वस्तीत, त्या खोलीत देवी बरोबर साडेअकराला यायची. नळाचं पाणी चुकेल, पण ती चुकत नसे. आज पाचवा दिवस होता.

यायची ती भागीरथीबाईंच्या अंगात. शेजारणी सकाळपासून त्यांच्याच खोलीत साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेल्या असत. आधी बाईंच्या ओठावर घाम फुटे, मग हात थरथरू लागत, आणि मग नजर अशी भिंतीपलीकडे जाई की शेजारची सुंदराबाई डिंकाची बाटली टाकून हळदकुंकू आणायला धावे. सून रंजना मात्र भिंतीला टेकून उभी राही. खोलीत मोजक्या बायकांखेरीज आणखी कोणीतरी उभं आहे, असं तिला वाटे.

श्रावणात खानदेशी घरांतून कानबाई ही देवी बसते. यंदा ती बसायच्या आठ दिवस आधीपासून भागीरथीबाईंनी उपास धरला होता. दिवसभर तोंडात अन्नाचा कण नाही, रात्री एकदाच जेवण. नवस रंजनासाठीच होता. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. शुगरची गोळी मात्र बाई रोज सकाळी नेमाने घेत. "गोळी खादी म्हनजे उपास मोडस नही," असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी एकदा ठरवलं की पोटच्या पोराची, योगराजचीही, बोलायची टाप नव्हती. तो बिचारा बारा तास यंत्रमागाच्या लूमखात्यात घालवून यायचा आणि पडल्या पडल्या घोरायचा.

रंजनाला सगळं माहीत होतं, हीच तर खरी गोष्ट. गोळी बदलून दिली तेव्हा सासूबरोबर दवाखान्यात तीच गेली होती. डॉक्टरांनी तिलाच बजावलं होतं, "खाना खिलाये बिना यह गोली मत देना. पसीना आये, हाथ काँपे, उल्टासीधा बोले, तो शुगर गिर गया समझो. तुरंत शक्कर खिलाना." पहिल्या दिवशी बायकांनी देवीला प्रसादाचा गूळ भरवला, आणि पंधरा मिनिटांत देवी गेली, सासू परत आली. आल्या आल्या साडीवर डिंक सांडला म्हणून रंजनावर खेकसलीही. रंजनाला तेव्हाच उमगलं होतं.

मग ही बया गप्प का बसली? कारण देवी तिच्याशी गोड बोलायची. सासूने चार वर्षांत तिला नावाने हाक मारली नव्हती, सगळं 'ए'वर भागत होतं. देवी मात्र घोगऱ्या, अनोळखी आवाजात तिला आपली लेक म्हणून जवळ बोलावी, "मनी लेक. आठे ये." आणि थंडगार, ओला हात तिच्या गालावरून फिरवी. तो स्पर्श प्रेताचा वाटे, तरी तिला हवासा होता. रोज तिच्या मनात येई, प्रसाद जरा उशिरा द्यावा.

पाचव्या दिवशी गूळ द्यायचं काम तिच्याकडेच आलं. सुंदराबाईने लेकीच्या लग्नाचं विचारलं, पण देवी उत्तर देईना. ती एकटक रंजनाकडे बघत होती.

"मनी लेक," जड जिभेने ती म्हणाली.

गुळाचा खडा रंजनाच्या मुठीत तयार होता. आणखी एकदा म्हणू दे, तिने मनाशी म्हटलं. फक्त एकदा. देवी पुन्हा म्हणाली, आणि रंजना तरीही हलली नाही. गूळ तळहाताला चिकटू लागला.

मग आवाजच थांबला. बाईंची मान कलली, डोळे उघडेच राहिले. सुंदराबाईने हात जोडले. "समाधी लागी," ती म्हणाली, आणि बायका एकामागून एक पाया पडू लागल्या.

"समाधी नही, मरी जातीन त्या!" रंजना किंचाळली. बायकांना ढकलून तिने सासूला कुशीवर वळवलं, मऊ झालेला गूळ गालाच्या आतून, हिरड्यांवरून चोळला, आणि रिक्षासाठी आरडाओरडा केला. दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज गेलं तेव्हा कुठे बाईंच्या पापण्या हलल्या. थोड्या वेळाच्या फरकाने निभावलं, डॉक्टर म्हणाले. किती थोड्या, हे रंजनाने विचारलं नाही. तिला स्वतःची विलक्षण भीती वाटत होती.

त्यानंतर गोळी बदलली, उपास बंद झाले आणि ठरल्या वेळी चारदा थोडं थोडं खाणं सुरू झालं. शुगर ना चढे ना पडे, आणि माणूसच पालटलं म्हणा ना! अंगठ्याची चिघळलेली जखम सुकली, रात्री चारचारदा उठणं थांबलं, दिवसाची गरगर गेली. तिरसटपणाही ओसरला. निम्मा राग रक्तातल्या साखरेचा होता, हे कोणाच्या लक्षात येणार! बाई सुनेला 'रंजना' म्हणू लागल्या. साडेअकराला आता रंजना त्यांच्यापुढे ताट ठेवी आणि एक मिनिटही चुकवत नसे.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस दोघीच घरात होत्या. रंजनाने ताट ठेवलं. बाईंनी भाकरीला हात लावला नाही.

"त्या दिन माले समदं दिसी ऱ्हायंतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बोलता येत नव्हतं, पन मी आठेच व्हतू. तू गूळ धरीसन उभी व्हती. कितला येळ उभी व्हती, तेबी दिखनं."

कपाळावर घाम आला तो आता रंजनाच्या.

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तिच्या ओठांशी धरला.

"पहिले तू खाय."

ही माया होती की पारख, रंजनाला कळेना. तिने तोंड उघडलं. घास घशाखाली उतरेपर्यंत बाईंनी तिच्यावरची नजर काढली नाही.