कारंज्याकडेची शेवटची लादी

लादी वाया गेली ती धाकटीच्याच हातून. कारंज्याच्या गोल कठड्याला भिडणाऱ्या लादीचा पुठ्ठ्याचा साचा तिने लादी पालथी असतानाच आखला आणि लादी तशीच कापली. सुलटी केल्यावर आखूड बाजू लांब बाजूच्या जागी.

"डावा जोडा उजव्या पायात!" थोरली जाऊ म्हणाली. "आता उरलीय एकच. खाणीत पाणी भरलंय, दुसरी मिळायची नाही. हीही घालवलीस तर तुझं मशीन बंद. मग बस सिमेंट कालवत."

दोघी जावा मिळून फरशीची कामं घेत. थोरलीचा जीव छिन्नी-हातोडीत. धाकटीने दगड कापायचं कटर मशीन आणल्यापासून थोरलीच्या कपाळावरची आठी हटली नव्हती. धाकटीला कालवण्याचा कंटाळा नव्हता, पण मशीन सोडायचं नव्हतं.

या खेपेला तिने लादी आधी सुलटी केली, धुतली आणि वाळायला ठेवली. सगळा दगड कोरडा झाला, पण एक रेघ ओलीच राहिली, केसाएवढी, तिरपी, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"शीर आहे," थोरली हळूच म्हणाली. "पातं लागलं की दोन तुकडे. संपलं."

धाकटी लादीवर वाकली. साचा लादीवर सरकवत, फिरवत राहिली. शेवटी साच्याची मागची सरळ कड तिने बरोबर त्या शिरेवर आणली. बाकीचा साचा उरलेल्या दगडात जेमतेम मावला.

"जाऊबाई, हिला इथेच फुटायचंय ना? मग फुटू दे. पण तुमच्या हातून. मशीन दगडाला थरथरवतं, तुमची छिन्नी नाही."

"म्हणजे फुटली तर खापर माझ्या डोक्यावर!"

"अर्धं अर्धं वाटून घेऊ."

"मोठी आली वाटणी करणारी," थोरली म्हणाली, पण छिन्नी तिच्या हातात कधीच आली होती.

लादी वाळूवर ठेवली. थोरलीने शिरेवरून हलके ठोके देत छिन्नी नेली, उलटवून मागून नेली, पुन्हा पुढून. घाव एकही मोठा नाही. ठोक्यांचा खणखणीत आवाज हळूहळू बसका झाला, आणि भाकरी मोडावी तशी लादी शिरेवर उघडली. कड सुरीने कापल्यासारखी.

"आता तुझी पाळी," थोरली बाजूला झाली. पात्यावर पाणी सोडायची नळी मात्र तिने स्वतः धरली.

धाकटीने दोन्ही बाजू कापल्या. गोलाईसाठी तिने सरळ काप घेतले, शेजारी शेजारी, प्रत्येक काप आखलेल्या रेघेच्या अलीकडे थांबवत, कंगव्याच्या दातांसारखे. मग मधल्यापासून सुरुवात करून एकेक दात हातोडीने उडवला. टोकं नाजूक, म्हणून ती शेवटी. उरलेले उंचवटे तिने पात्याने घासून काढले. पाण्याबरोबर राखाडी चिखल वाहून गेला आणि खालून स्वच्छ गोलाई वर आली.

दोघींनी लादी उचलली, तिच्या जागेवर नेली, सोडली. ठोकावी लागली नाही, तासावी लागली नाही. कठड्यालगतची फट सगळीकडे सारखी होती.

थोरली गुडघ्यावर बसून फटीतून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बोट कुठेच अडलं नाही. मग उठली आणि अंगणापलीकडे फाटकावरच्या पहारेकऱ्याला ओरडून म्हणाली, "अहो, या की इकडे! आमच्या धाकटीने काय कापलंय बघा!"

धाकटी त्या लादीवर चढली आणि दोन्ही पायांनी दाणकन उडी मारली. लादी हलली नाही.