सुगंधाची फेरी

"काकी, डोळे मिटा," नूपुर म्हणाली.

सुगंधाने डोळे मिटले आणि ती सरळ माझ्या अंगावर आली.

"म्हणून तर एवढा दणकट नवरा केला," ती म्हणाली. नूपुर हसली. मला हसू आलं नाही.

परळच्या दवाखान्यात नूपुर तोलाचे व्यायाम शिकवायची. तिने सांगितलेलं मला असं कळलं : माणूस उभा राहतो तो तिघांच्या जोरावर. डोळे, पायाचे तळवे, आणि कानाच्या आत खोल असलेला एक इवलासा भाग. डोकं कुठे वळलं, किती कललं, हे तो मेंदूला कळवतो. रक्तात जंतू गेले तेव्हा इंजेक्शनांनी सुगंधाचा जीव वाचवला, पण त्यांनीच दोन्ही कानांतला तो भाग निकामी केला. ऐकू नीट येत होतं. तोल मात्र आता डोळ्यांनी आणि तळव्यांनीच सांभाळायचा होता.

साठाव्या वर्षी माझी बायको पुन्हा चालायला शिकली. लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, अनवाणी. तोंड धुताना एक हात नळावर ठेवायची. देवाला हात जोडायची ते डोळे उघडे ठेवून. मी दंड धरला की ओरडायची, "धरू नका हो! तुम्ही धरलंत की मला माझेच पाय कळत नाहीत." भिंतीला नुसतं एक बोट टेकवून ती गॅलरी पार करायची. तेवढ्याने तिचं कसं निभायचं, मी बघत राहायचो.

गणपती आले. आरती संपली की सगळे जागच्या जागी स्वतःभोवती एक फेरी घेतात. शेजारच्या मेघनावहिनींनी तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

"बसान हात जोड गो. देवाक चालता."

"देवाक चालता, माका नाय."

सगळ्यांची फेरी झाली. ती एकटी उरली. आधी नुसते डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेले, मग डोकं, मग पाय. थांबली. मग दरवाजा.

"आई, रिव्हर्स टाकू नकोस हां," आमचा वैभव म्हणाला.

"गप रे. सिग्नल लागलाय."

तिथेच ती डगमगली. माझे हात पुढे गेले. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी हात मागे घेतले. एवढं जड काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

वहिनी प्रसादाचं ताट घेऊन तशाच उभ्या. मग खिडकी. शेवटी तिचे डोळे मूर्तीवर आले, आणि मागोमाग पाय.

"वाटा आता प्रसाद," ती म्हणाली. "आणि ती खुर्ची उचला मधून."

त्यानंतर ती सहा महिने होती. गेली ती हृदयविकाराने. लोक विचारतात, पडली का? मी नाही म्हणतो. त्या सकाळी ती मान वर करून गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हे तिला सगळ्यांत शेवटी जमलं होतं. छातीत कळ आली, तेव्हा हातातला टॉवेल तिने दोरीवर टाकला, नीट पसरला आणि सावकाश खाली बसली.