एकही बदल नको

फिल्म कापून जोडणाऱ्या त्या बाईला तिचा धाकटा भाऊ कात्री म्हणायचा, आणि तिची जीभ पाहता नाव अगदीच चुकलेलं नव्हतं. भाऊ कॅमेरा सांभाळायचा, ही एडिटिंग करायची. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोघांचा स्टुडिओ होता. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक स्वस्त, झटपट आणि उत्तम असं तिन्ही एकदम मागायचं, आणि कात्री प्रत्येकाला ऐकवायची, "यातलं दोन मागा, तिसऱ्याचं नाव काढू नका."

बूटवाल्या बाईंनाही तिने तेच ऐकवलं. एक पाय आखूड असलेल्या मुलांसाठी बूट बनवायचा बाईंचा छोटा कारखाना होता, आणि त्याची जागा आता जाणार होती. एक संस्था आपली रिकामी इमारत फुकट वापरायला देणार होती, पण कुणा एकालाच. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने तीन मिनिटांची फिल्म शुक्रवारपर्यंत पाठवायची होती. आज सोमवार उजाडला होता. बाईंकडचे पैसे ऐकून भाऊ तर खिडकीबाहेरच बघायला लागला.

"तुमच्या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?" बाईंनी विचारलं.

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"बदल करण्यात," कात्री म्हणाली. "साहेबांना गाणं नको असतं, साहेबांच्या मेव्हण्याला हवं असतं. नुसता बारभाईचा कारभार. तीच फिल्म पुन्हा पुन्हा कापायची, आणि शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या."

"आमच्याकडे बोलणारं तोंड एकच आहे, माझं. काय सांगायचंय ते मी आत्ता सांगते, कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. नंतर मी एकही बदल सांगणार नाही. आता जमेल तिन्ही?"

असा शब्द देणारे कात्रीने ढिगाने पाहिले होते. तरी तिने काम घेतलं.

शूटिंगहून भाऊ आला तो बाईंचे गोडवे गातच. "ताई, उजेड चांगला कुठे पडतो ते त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. आवाज घ्यायच्या वेळी सगळी मशिनं बंद. जिला बूट द्यायचे ती मुलगी वेळेवर हजर. अशी गिऱ्हाइकं मिळाली तर माझे केस पिकायचे नाहीत बघ."

एकच भानगड होती. कारखाना उभा केला बाईंच्या वडिलांनी, आणि ते कॅमेऱ्यासमोर बसले ते उठायचं नाव घेईनात. नमनालाच घडाभर तेल! फिल्म मुलीची होती. तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरते तिथपासून ती बूट घालून चालते तिथपर्यंत. म्हाताऱ्याचं बोलणं कात्रीने सुरुवातीला घालून पाहिलं, मध्ये घालून पाहिलं, शेवटी घालून पाहिलं. जिथे घालावं तिथे फिल्म बसकण मारायची. शेवटी तिने ते अख्खंच काढून टाकलं.

गुरुवारी बाई फिल्म बघायला आल्या. पडद्यावर मुलगी भिंतीचा आधार सोडून अख्खा कारखाना चालत गेली. बाईंनी डोळे पुसले. मग विचारलं, "बाबा?"

"नाहीत," कात्री म्हणाली.

"त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय."

जन्मात पहिल्यांदा कात्री आपणहून म्हणाली, "एखादं वाक्य घालू का? रात्रभर बसावं लागेल, पण घालते. पैसे नकोत."

"त्याने फिल्म चांगली होईल?"

होईल म्हणणं किती सोपं होतं! कात्रीच्या ओठांवर आलंही होतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग नको. शब्द दिलाय मी. आणि ती जागा मला पोरांसाठी हवीय."

बाईंनी तिथूनच वडिलांना फोन लावला. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे बाई ओरडून बोलत होत्या आणि पलीकडचं ओरडणंही खोलीभर ऐकू येत होतं.

"कसा दिसतोय मी?"

"बाबा, तुम्ही फिल्ममध्ये नाही आहात."

"का?"

"तुम्ही लांबण लावता."

कात्रीला वाटलं, आता म्हातारा फोन ठेवणार.

"पोरगी चालते का त्यात?"

"चालते, बाबा. न धरता चालते."

"मग पाठव," म्हातारा म्हणाला. आणि त्याने फोन ठेवून दिला.

फिल्म त्याच क्षणी गेली. कात्रीने इतक्या वर्षांत मोठमोठ्या साहेबांची कामं केली होती, पण शब्दाला इतकं जागणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं, आणि तिला बाईंचा अभिमानच वाटला, सख्ख्या बहिणीचा वाटावा तसा.

बाई मात्र उठल्या नाहीत. "बाबांचं काढलेलं आहे का अजून?"

"सगळं आहे."

"दाखवता?"

भावाने दोन खुर्च्या ओढल्या. म्हाताऱ्याने पहिल्या बुटाची गोष्ट सुरू केली, ती सोडून चामड्याच्या किमतींवर गेला, खोकला, पाणी मागितलं, आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. बाई हसत होत्या आणि रडत होत्या. कात्री शेवटपर्यंत बसून राहिली. फिल्म पुढे पळवायला तिचा हात एकदाही गेला नाही.