दुसरी सही

ऐक ना, मध्ये तोंड घालू नकोस, नुसतं ऐक. मोसुलमधला चहाखाना, भर दुपार, आणि टीव्हीवर बातमी आली की दाएशचा, म्हणजे आयसिसचा, म्होरक्या मारला गेला. झालं. डॉमिनोचा डाव अर्ध्यावर टाकून सगळे वादाला बसले, की आता जगातला सगळ्यात खतरनाक अतिरेकी कोण.

शिंपी म्हणाला, मेलेल्याच्या गादीवर येईल तो. निवृत्त मास्तर म्हणाले, छे, तिकडे डोंगरात दडून बसलेत त्या म्हाताऱ्यांपुढे ही कालची पोरं. तिसऱ्याचं म्हणणं, बंदूकवाल्याला कशाला भ्यायचं, पैसा पुरवणाऱ्याला भ्या. आवाज नुसते चढत होते. गप्प होता तो एकटा अबू गझवान. हा मोहल्ल्याचा जनरेटरवाला. सरकारी वीज गेली की दीडशे घरं याच्या वायरींवर चालायची.

मास्तरांनी डिवचलंच. "काय अबू गझवान, डोक्यातलीही वीज गेली वाटतं?"

"मला बाबा जनरेटरचा पट्टा तुटायची भीती," तो म्हणाला. सगळे हसले.

तेवढ्यात दारात शैमा. बायका काही चहाखान्यात येत नाहीत, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. तिचा नवरा दाएशच्या नाक्यावर बंदूक घेऊन उभा असायचा. तो मेला, पण नाव सरकारच्या संशयितांच्या यादीत राहिलं. त्यामुळे तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, रफलला, जन्मदाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून शाळा नाही. मोहल्ल्यातल्या दोघांनी लिहून द्यायचं की ही बाई दाएशवाल्यांतली नव्हती, मग मुख्तार, म्हणजे मोहल्ल्याचा मुखिया, शिक्का मारणार. एक सही बेकरीवाल्या म्हातारीने दिली होती. दुसरी मिळत नव्हती, आणि शाळेची नावनोंदणी दुसऱ्या दिवशी संपत होती.

आत्तापर्यंत जगभरच्या अतिरेक्यांना नावानिशी झोडपणारे सगळे एकाएकी चहाच्या पेल्यात बघायला लागले. मास्तरांना खोकला आला.

ती बघत होती अबू गझवानकडे. तो उठून बाहेर गेला.

का बघणार नाही गं? दाएशच्या राज्यात मोबाइल सापडला की मान जायची. याच्या मुलाकडे, गझवानकडे सापडला. पोरगा गच्च्यांवरून उड्या मारत शैमाच्या घरात शिरला. नवरा नाक्यावर होता. तिने त्याला तंदूरच्या खोलीत सरपणामागे दोन दिवस दडवलं. झडतीवाले आले, तर दारात उभी राहून म्हणाली, माझ्या नवऱ्याच्या घरात शिरायचं तर आधी त्याला विचारून या.

"काका, जे झालं तेवढंच लिहा," ती आता म्हणाली.

कागदावर छापलेलं होतं, या बाईला कसे ओळखता? खरं लिहायचं म्हणजे आपला मुलगा दाएशवाल्याच्या घरात दोन दिवस होता, हे स्वतःच्या हाताने लिहायचं. आणि गझवानला वीज खात्यात नोकरी लागत होती, त्याची पडताळणी चालू होती. नुसतं 'शेजारी' लिहिलं तरी बोलावून खोदून विचारायचे. अशीच साक्ष देणारा एक वकील महिनाभर आत बसून आला होता.

त्याने पेन घेतलं. स्वतःचं नाव लिहिलं. वडिलांचं लिहिलं. तिथे आजोबांचंही लागतं, तीन नावं झाल्याशिवाय सही धरत नाहीत. पेन तिथेच अडलं.

"शैमा," तो म्हणाला, "तुझ्या घराला वायर टाकून देतो. आयुष्यभर फुकट. मी आहे तोवर."

ती म्हणाली, "अंधाराची सवय झालीय, काका. मी तुमच्या आजोबांचं नाव मागायला आले होते."

अर्धवट सही झालेला तो कागद तिने परत पिशवीत घातला. तो आता कुठेच चालणार नव्हता, नव्या कागदासाठी पुन्हा महिनाभर खेटे.

आत मास्तर विचारत होते, "हं, कुठे होतो आपण?"

आणि ऐक, संध्याकाळी त्याने खरंच वायर टाकली, स्वतः शिडीवर चढून. कुणी सांगितलं नव्हतं. जनरेटर सुरू केला, गल्ली उजळली. शैमाचं घर तेवढं काळं. जाऊन बघतो तर वायर काढून, नीट गुंडाळून, दाराच्या कडीला बाहेरून अडकवलेली. आतून रफलचा आवाज येत होता, मोठ्याने आकडे म्हणत होती, आणि आई चुका दुरुस्त करत होती. तो कडीला हात न लावता तसाच उभा राहिला.

गझवानला नोकरी लागली गं.

तू सांग आता. पेन तुझ्या हातात असतं, तर तू काय केलं असतंस?