तेविसावा प्रश्न

मक्याच्या दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं — अळी आत शिरून, पोटभर खाऊन, निवांत बाहेर पडल्याची खूण — आणि तो प्रश्नावलीला चिकटपट्टीने लावून शेतकरीणबाईंनी खाली लिहिलं होतं, ‘जुन्या बियाण्याचा शेवटचा.’

तेविसावा प्रश्न साधा होता: जुनं बियाणं पुन्हा पेराल का? ‘नाही’वर खूण; आणि समासात, ‘रोज आठवण येते.’ सहा वर्षं, चारशे शेतं, कीडरोधक मका आणि साधा मका — फवारण्या किती घटल्या, जमिनीचा कस किती टिकला, सगळं ही पाहणी करणाऱ्या अर्थतज्ज्ञ बाईच्या तक्त्यात नीट बसलं होतं; समासातलं हे वाक्य मात्र कुठल्याच रकान्यात मावेना. तिने शेतकरीणबाईंना फोन लावला.

“बाई, तेविसाव्याला तुमची दोन उत्तरं आलीत.”

“दोन कुठं? एकच तर आहे.”

“नको म्हणताय, आणि आठवणही येते म्हणताय.”

“मग? फवारणीचा पंप पाठीवरून उतरला, आमच्या ह्यांचा खोकला थांबला. नव्याला कशी नावं ठेवू? पण जुनं कणीस भाजलं की घरभर वास सुटायचा... आठवण आली म्हणून परत पेरायचं, असं असतं का?”

अर्थतज्ज्ञ बाईला हसू आलं, आणि मग तिची नजर ड्रॉवरकडे गेली. त्यात त्याचं पत्र होतं. तो पिकांचे नवे वाण तयार करणारा पीकपैदासकार — सगळा विभाग त्याला ‘दाणोबा’ म्हणायचा — नऊ वर्षांपूर्वी परदेशातल्या केंद्रावर निघाला तेव्हा ‘चल’ म्हणाला होता, आणि ती आजारी आईपाशी राहिली होती. आता आई नव्हती. ‘इथे अर्थतज्ज्ञाची जागा रिकामी आहे,’ त्याने लिहिलं होतं, ‘माझ्या घरातही तशी रिकामीच आहे. शुक्रवारपर्यंत कळव.’ आज शुक्रवार. नऊ वर्षं ती त्याच्याबद्दलच्या ओढीला मागणी समजत आली होती — ओढ आहे म्हणजे हवं आहे, हवं आहे म्हणजे जायला हवं होतं — इतका उथळ निष्कर्ष तिने विद्यार्थ्यांनाही कधी काढू दिला नसता. त्याचे चिखलाने माखलेले बूट, बोलता बोलता मध्येच थांबून पिकाकडे बघत राहणं... हे हवं होतं, की नुसतं आठवत होतं? आणि तो तरी आता तोच...

“हॅलो? आहात ना?”

“आहे.”

“मग समासातलं खोडता का?”

“नाही. राहू दे.”

फोन ठेवून तिने कोरा कागद ओढला, त्याचं नाव लिहिलं आणि थांबली. पुढे ‘येते’ लिहिता आलं असतं, ‘येत नाही’ही — काहीही लिहिलं तरी ही ओढ राहणारच होती; आणि इतक्या वर्षांत प्रथमच ती ओढ तिच्याकडे काही मागत नव्हती, नुसती शेजारी बसून होती...