तीन उद्गारचिन्हं

फुटबॉल क्लबच्या मैदानावर घोषणा करायची खोली म्हणजे प्रेक्षकांच्या लाकडी बाकांमागे उभी केलेली पत्र्याची टपरी होती. आत एक स्टूल, एक माइक आणि मैदानाकडे उघडणारी हातभर खिडकी. एका छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक बऱ्याच वर्षांपासून या स्टुलावर बसून गोल जाहीर करत. गोल आपला असो की परक्यांचा, ते मिनिट सांगत, खेळाडूचं नाव सांगत आणि थांबत. प्रेक्षकांनी त्यांचं नाव 'पूर्णविराम' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. निदान चिन्ह तरी बरोबर निवडलं होतं.

एरवी दुकानात गर्दी दिसली की ते परत फिरत. काय मागायचं ते वाटेत मनाशी घोकत आणि दुकानदाराने काय हवं म्हणून विचारलं की भलतंच काहीतरी मागून मोकळे होत. घरात साबणाचा जो साठा आहे तो यांच्या भिडस्तपणाचा आहे, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. माइकसमोर मात्र त्यांना बोलता येई. तिथे कोणी उलट विचारत नसे. आठवड्यातून एकदा ते चारशे माणसांशी बोलत आणि उरलेला आठवडा त्यावर काढत.

क्लब खालून दुसऱ्या गटात होता आणि तिथेही खालच्या अंगाला. रंगाच्या व्यापाऱ्याने जाहिरात काढून घेतल्यापासून गरम पाणी बंद झालं होतं, खेळाडू चिखल घेऊनच घरी जात. बाहेरगावच्या सामन्याला संघ गोलरक्षकाच्या टेम्पोतून, पाइपांवर बसून जाई. गोलरक्षकाचं नळदुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी लोक त्याला 'भिंत' म्हणत, अलीकडे 'खिडकी' म्हणत. आता नगरपालिकेने कळवलं होतं की हंगाम संपायच्या आत थकलेलं भाडं आलं नाही, तर मैदान ट्रक उभे करायला दिलं जाईल.

क्लबचा सचिव म्हणजे मुद्रितशोधकांचा मेहुणा, चष्म्याचा दुकानदार. तो बाजारातल्या प्रत्येक दुकानाच्या पायऱ्या चढून आला. औषधवाल्याने जखमेच्या पट्ट्यांचा एक खोका देऊन बोळवण केली. फक्त गादीवाला भाडं भरायला तयार झाला, पण त्याची अट होती. संघाच्या प्रत्येक गोलनंतर त्याच्या दुकानाची ओळ माइकवरून जायला हवी होती आणि तीही जोशात. त्याचा भाचा समारंभांत निवेदन करत असे. या काकांना जमलं नाही तर माइक भाच्याकडे द्यायचा.

"काका," गादीवाला मुद्रितशोधकांना म्हणाला, "तुम्ही गोल सांगता की कोण गेल्याची बातमी?"

त्याने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं: 'गोऽऽल!!! तुम्ही निवांत झोपा, पाठीची काळजी आमची!!!' मुद्रितशोधकांनी तो घरी आणला आणि बराच वेळ समोर ठेवला. एका वाक्याला तीन उद्गारचिन्हं त्यांनी उभ्या नोकरीत कधी जाऊ दिली नव्हती. त्यांनी बायकोसमोर, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणून पाहिलं. ती म्हणाली, हे तुम्ही गादी विकताय की परत घेताय तेच कळत नाही.

"अहो, दूध उतू गेल्यावर मी ओरडते तसं ओरडा."

चौथ्या दिवशी त्यांना ते जमलं. शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली.

सामन्याच्या दिवशी गादीवाला आणि त्याचा भाचा पुढच्या बाकावर बसले. भाच्याने गळ्याला मफलर गुंडाळला होता, जणू बोलावणं कधीही येईल. मुद्रितशोधक एका हातात कागद आणि दुसऱ्या हाताचं बोट माइकच्या बटणावर ठेवून बसले. जाळी हलली की बटण, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण आपला संघ गोलाच्या आसपासही फिरकला नाही. उत्तरार्ध निम्मा सरला. मग पाहुण्यांच्या एकाने लांबून एक साधाच फटका मारला. चेंडू गोलरक्षकाच्या हातांतून आणि मग गुडघ्यांमधून निसटला, गोलरक्षक पोटावर आडवा झाला आणि त्याच्या पाठीमागे जाळी हलली.

दुपारभर वाट पाहणारं बोट खाली गेलं. दूध उतू गेल्याच्या आवाजात साऱ्या मैदानाने ऐकलं: "गोऽऽल! तुम्ही निवांत झोपा, पाठीची काळजी आमची!"

मग बाकं हसायला लागली. पाहुण्यांचे खेळाडू हसले, पंचांनी तोंड फिरवलं. गोलरक्षक चिखलातून उठला आणि त्याने टपरीच्या खिडकीकडे पाहिलं. मुद्रितशोधक स्टुलावरून खाली सरकले, इतके की खिडकीतून फक्त माइक दिसावा.

मेहुणा डोक्याला हात लावून धावत आला. त्याच्यामागून गादीवाला आला, तो मात्र खुशीत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. या संघाचे गोल होणार कधी आणि त्याच्या गाद्या खपणार कधी? समोरचे मात्र दर वेळी करतात. तेव्हा ओळ समोरच्यांच्या गोलवरच ठेवायची, अशीच, याच जोशात. पुढच्या सामन्याला ठीक झालं तर भाडं तो लगेच भरेल. काकांना संकोच वाटत असेल तर भाचा आहेच.

त्या रात्री मुद्रितशोधक नीट जेवले नाहीत. ओळ म्हणायची, तर पडलेल्या माणसाला सगळ्यांदेखत हिणवायचं. नाही म्हणायची, तर भाचा तीच आणखी मोठ्याने म्हणणार आणि आपल्याला बोलायची एकुलती एक जागा जाणार. बायको म्हणाली, त्या गोलरक्षकालाच विचारा की.

दोन दिवसांनी ते नळाच्या दुकानात गेले. वाटेत त्यांनी माफीची वाक्यं तयार केली होती. काउंटरमागून गोलरक्षकाने काय हवंय म्हणून विचारलं आणि त्यांनी नळाचा वायसर मागितला.

गोलरक्षकाने वायसर काढून समोर ठेवला, पण हात त्याच्यावरच ठेवला. "काका, तुमच्या घरातले सगळे वायसर मी मागच्या महिन्यात बदललेत. काय ते बोला."

मग ते बोलले, मागचं पुढे, पुढचं मागे करत, पण बोलले. गोलरक्षक पाइपाच्या तोंडाला धागा गुंडाळत ऐकत राहिला. तो म्हणाला की हसण्याचं त्याला काही वाटत नाही, खिडकी तर ते आधीपासूनच म्हणतात. मैदान गेलं तर मात्र या वयात दुसरा कुठला क्लब त्याला दारात उभं करणार नाही.

"म्हणा तुम्ही. फक्त ओरडू नका. ओरडलात की टिंगल वाटते. तुमच्या नेहमीच्या आवाजात म्हणा, म्हणजे मला वाटेल की खरंच झोपायला सांगताय."

गादीवाल्याला जोश हवाय, याची मुद्रितशोधकांनी आठवण करून दिली. गोलरक्षकाने खांदे उडवले आणि वायसर परत डब्यात टाकला.

पुढच्या सामन्याला त्यांनी टपरीत बसल्यावर पेन्सिल काढली. तीन उद्गारचिन्हं दोन्ही ठिकाणी खोडली आणि पूर्णविराम दिले. भाचा आजही मफलर घालून आला होता. पाहुण्यांनी फार वेळ घेतला नाही. गोलरक्षकाने उडी मारली, बोटं पोहोचली नाहीत, जाळी हलली.

मुद्रितशोधकांनी बटण दाबलं. मिनिट सांगितलं. गोल करणाऱ्याचं नाव सांगितलं. मग त्याच आवाजात, मजकूर तपासून पुढे धाडावा तसं, म्हणाले, "तुम्ही निवांत झोपा, पाठीची काळजी आमची."

मैदान गप्प राहिलं. गादीवाल्याने मान वळवून भाच्याकडे पाहिलं आणि भाचा मफलर सोडत अर्धवट उठला. तेवढ्यात चिखलात पडलेला गोलरक्षक कुशीवर वळला. दोन्ही हातमोजे जोडून त्याने गालाखाली घेतले आणि डोळे मिटले. आधी मागचं एक बाक हसलं, मग सगळी हसली. या वेळी गोलरक्षकही हसत उठला. गादीवाला हसणाऱ्यांकडे पाहत राहिला. काही वेळाने त्याने भाच्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

भाडं भरलं गेलं. गरम पाणी आलं नाही.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात आपल्या संघाने एक गोल केला. मुद्रितशोधकांनी मिनिट सांगितलं, नाव सांगितलं आणि ते थांबले. गादीवाला टपरीशी येऊन म्हणाला की काका, आपल्या गोललाही ओळ म्हणायला हरकत नव्हती, फुकट गेला.

मुद्रितशोधकांनी नेहमीप्रमाणे आधी मनात म्हणून पाहिलं. मग खिडकीतून म्हणाले, "आता कुठे जागे झालेत. त्यांना कशाला झोपवायचं?"